ब्रह्मदेशचा उकडा

कराडच्या स्टँडवर मला पोहोचवायला आई आली होती. पिशवीत दशम्या कोंबताना तिची बडबड चालूच होती. "त्या देशातून आपण नेसत्या वस्त्रांनिशी आलो. आणि तू निघालीस तिथल्याच बाईची बडदास्त ठेवायला, तीही शाळेतून रजा काढून!"

आईचा राग समजण्यासारखा होता. माझा जन्म रंगूनचा. वडील तिथल्या भाताच्या गिरणीत कारकून होते. महायुद्धात बॉम्ब पडू लागले, तसे घरदार टाकून आम्ही मायदेशी आलो. बरोबर आणलेल्या वस्तूंपैकी अजून शाबूत असलेली एकच, ती म्हणजे ब्रह्मी भाषा. कराडात तिचा उपयोग एवढाच, की शेजाऱ्यांना न कळता आई आणि मी मनसोक्त भांडू शकतो.

त्या भाषेला एकाएकी मुंबईहून मागणी आली. माझा चुलतभाऊ अण्णा मुंबईत अन्नधान्याच्या एका कचेरीत आहे. त्याने कळवले, की ब्रह्मदेशातून आलेला तांदूळ कॉटन ग्रीनच्या एका वखारीत अडकून पडला आहे. आपले लोक म्हणतात, तांदूळ पिवळा आहे, त्याला वास येतो, तो माणसांनी खाण्याजोगा नाही. ते लोक म्हणतात, तुम्ही मागितला तोच पाठवला, आता नाक मुरडून भाव पाडू नका. दोन्ही सरकारे एकमेकांना खरमरीत पत्रे लिहून दमली. शेवटी तिकडून एक बाई तांदूळ पाहायला आल्या आहेत. त्यांचा दुभाषा कलकत्त्यालाच आजारी पडला. तू येशील का?

मी न येऊन सांगते कुणाला! दुसऱ्याच्या भांडणात नाक खुपसायची माझी खोड जुनीच, आणि हे तर चक्क दोन देशांचे भांडण.

पुण्याहून आगगाडी पकडून बोरीबंदरला उतरले आणि ट्रामने गिरगाव गाठले. द्वैभाषिक राज्याचे दिवस होते ते. वाटेत दिसेल त्या भिंतीवर डांबराने 'झालाच पाहिजे' लिहिलेले होते. एका ठिकाणी लिहिणाऱ्याचे डांबर 'झालाच'पाशीच संपले होते. पुढचे कुणी तरी खडूने पुरे केले होते. मला ती चिकाटी फार आवडली.

अण्णाची बायको, शांतावहिनी, दारातच उभी होती. हातपाय धुतले, की पाट मांडला. वरणभात, वालाची उसळ, कोथिंबिरीची वडी. भात पांढराशुभ्र, मोकळा. मी म्हटले, "वहिनी, तुमच्या गिरगावात तर उत्तम तांदूळ मिळतो की! मग हा ओरडा कशाचा?"

"हा कुठला इथे मिळायला!" वहिनी म्हणाली. "आमच्या स्वस्त धान्याच्या दुकानात तो ब्रह्मदेशचा आला होता, वखार बंद होण्याआधी. पिवळा, जाडा. शिजायला ठेवला की जिन्यापर्यंत वास. पहिल्या दिवशी यांनी ताटच बाजूला सारलं."

"मग केलंत काय त्याचं?"

"आपली पापडवाली सुंदराबाई आहे ना, लालबागची. ती नेते बिचारी. बदल्यात तिच्या दुकानात मिळालेला हा पांढरा आणून देते. कोंबड्यांना घालत असेल तो. भोळी आहे हो."

वहिनी ताकाची वाटी आणायला उठली आणि मी हातातला घास तसाच धरून बसले. कोंबड्यांसाठी कोणी आपल्या ताटातला पांढरा तांदूळ देईल? माणूस भोळे असले म्हणून इतके?

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मला खोताच्या वाडीत घेऊन गेला. लाकडी जिन्यांच्या त्या टुमदार घरांपैकी एका घरात, एका ख्रिस्ती बाईंकडे पाहुणीची उतरण्याची सोय केली होती. ती व्हरांड्यात बसली होती. वय माझ्या आईएवढे, रेशमी लुंगी, अंबाड्यात चाफ्याचे फूल आणि मांडीवर तेल लावलेली कागदी छत्री. मला पाहताच तिने विचारले, "थमिन सा पीबी ला?"

भात जेवलीस का? ब्रह्मदेशात भेटल्यावर हेच विचारतात. आपण 'काय, कसं काय?' म्हणतो, तसे. रंगूनच्या आमच्या गल्लीत हे वाक्य मी दिवसभर ऐकत असे. इतक्या वर्षांनी एका परक्या बाईच्या तोंडून ते ऐकले आणि माझ्या तोंडून आपसूक ब्रह्मीतच उत्तर गेले. आईचा राग पिशवीत घालून आणला होता, तो तिथेच कुठे तरी राहिला.

तिचे नाव डॉव म्या. (डॉव म्हणजे मावशी, तिथे वडीलधाऱ्या बाईला मानाने असे म्हणतात.) ती मला 'थमी', म्हणजे लेकी, म्हणू लागली. तिने आडपडदा न ठेवता सगळे सांगितले. वखारीतला माल तिच्याच, पेगूकडच्या गिरणीतला होता. नवरा गेल्यापासून गिरणी तीच चालवत होती. विकणारे तिचे सरकार, घेणारे आमचे सरकार, पण 'खाण्यास अयोग्य' असा शिक्का बसला की तो तिच्या गिरणीवर बसणार. मग तिचे सरकार तिच्याकडून पुन्हा दाणाही घेणार नाही. गिरणी बंद पडली की तिच्या भोवतीचे गाव बसले.

"आणि गंमत बघ, लेकी," ती म्हणाली, "हा तांदूळ आम्ही खातच नाही. भात आधी उकडायचा, वाळवायचा आणि मग कांडायचा, हे सगळं आम्ही तुमच्या लोकांसाठी करतो. माझ्या सासऱ्यांपासून करतो. मी स्वतः कधी एक घासही खाल्लेला नाही."

मी घाटावरची, भाकरीच्या मुलखातली. उकड्या तांदळाशी माझाही परिचय नव्हता. म्हणजे जिने केला तिने खाल्ला नव्हता आणि जी त्याची वकिली करणार होती तिनेही नाही.

कॉटन ग्रीनची ती वखार बाहेरून काळवंडलेली, आत थंडगार होती. पोत्यांच्या थप्पी छताला भिडल्या होत्या. डॉव म्यांनी एका पोत्याला पोकळ सळई (हिला बंबू म्हणतात) टोचली, हातावर दाणे घेतले, एक दाताखाली धरला आणि माझ्याकडे पाहून मान डोलावली. दाणा निरोगी होता. वास मात्र होता. भिजवणीच्या पाण्याचा, थोडा आंबूस. माझ्या नाकाला तो काही भावला नाही, हे कबूल केले पाहिजे.

वखारीचे साहेब दादरचे होते. अतिशय सभ्य आणि अतिशय घाबरलेले. मला म्हणाले, "बाई, त्यांना सांगा, दाण्याबद्दल आमची तक्रार नाही. पण गिरगावात दिला, दादरला दिला. कोणी घरात ठेवायला तयार नाही."

"पण उकडा खाणारे कोकणातले लोक तर परळ-लालबागला राहतात," अण्णा मधेच म्हणाला. "तिकडे का नाही दिला?"

साहेबांनी आवाज खाली आणला. "दिवस काय आहेत, पाहता ना? हा पिवळा तांदूळ लालबागला आणि पांढरा गिरगावला दिला असता, तर दुसऱ्या दिवशी माझ्या दारात मोर्चा. कामगारांना सडका, बाबू लोकांना पांढरा! म्हणून मुद्दाम हा बाबू लोकांना दिला आणि पांढरा तिकडे. तर इकडच्यांनी मोर्चा काढला. आता गिरगावने टाकलेला माल कामगारांना कुठल्या तोंडाने पाठवू? त्यांनी स्वतः मागितला, तर गोष्ट निराळी. परवा निकाल द्यायचा आहे. नाही तर जनावरांच्या खाद्यात जमा."

शेवटचे वाक्य मी डॉव म्यांना जसेच्या तसे सांगितले. त्यांनी छत्रीची मूठ घट्ट धरली आणि विचारले, "या शहरात माझा तांदूळ खाणारं एकही घर नाही?"

मला पापडवाली आठवली. म्हटले, एक घर पाहण्यासारखे आहे.

वहिनीने सुंदराबाईला निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डॉव म्या आणि मी ट्रामने लालबागला निघालो. वाटेत ट्राम थांबली. समोरून मोर्चा चालला होता. 'झालाच पाहिजे' झाले, मग मध्येच कोणी तरी ओरडले, "सडका तांदूळ!" आणि सगळ्यांनी साथ दिली, "परत पाठवा!" ते काय म्हणताहेत, असे डॉव म्यांनी विचारले. दुभाष्याने गोड करून सांगावे, हे मला पटत नाही. मी खरे तेच सांगितले. त्या लालबाग येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसल्या. माझाही जीव हळहळला.

सुंदराबाईची खोली तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. कठड्यावर पापड वाळत होते, आणि खरोखरच टोपलीखाली दोन कोंबड्या होत्या. सुंदराबाई मालवणाकडची, चुणचुणीत, चाळिशीची. परदेशची पाहुणी घरी येणार, म्हणून तिने जमीन पुसून काढली होती आणि शेजारणीकडून नवा पाट आणला होता. गॅलरीत बायकांची ही गर्दी.

"बसा, बाय, जेवूक बसा," ती म्हणाली.

बांगड्याचे तिखले, सुकटीची चटणी, सोलकढी, तळलेले पापड. आणि ताटात मधोमध भात. पांढराशुभ्र. मी डॉव म्यांकडे पाहिले नाही. सुकटीची चटणी तोंडात टाकताच मात्र त्यांचा चेहरा खुलला. त्यांच्याकडे अशीच करतात, म्हणाल्या, आणि पुन्हा मागून घेतली. सुंदराबाईला भाषांतराची गरज पडली नाही.

जेवण आटोपत आल्यावर मी हळूच विषय काढला. "गिरगावच्या वहिनींकडून तुम्ही तो पिवळा तांदूळ नेता ना?"

सुंदराबाई गोरीमोरी झाली. पदर तोंडाशी नेत म्हणाली, "तो? तो कोंबड्यांका घालतंय."

गॅलरीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले. डॉव म्यांनी मला कोपराने ढोसले, काय म्हणाली? मी सांगितले. त्यांनी टोपलीखालच्या कोंबड्यांकडे एकदा पाहिले, हात जोडले आणि उठल्या. जिना उतरताना म्हणाल्या, "बाई फार चांगली आहे. उद्या साहेबांना सांगू, लिहा काय लिहायचं ते."

ट्रामच्या थांब्यापाशी पोहोचलो तर ऊन मी म्हणत होते. डॉव म्यांनी छत्री उघडायला हात पुढे केला आणि हातात छत्रीच नाही! ती सुंदराबाईच्या खुंटीलाच राहिली होती. मी एकटी जाऊन आणते म्हटले, पण त्यांना त्या उन्हात एकटीला थांबायचे नव्हते. पुन्हा तीन मजले.

सुंदराबाईच्या दारात पोहोचलो आणि दोघी जागच्या जागी थांबलो.

घरचे जेवायला बसले होते. सुंदराबाई, तिचा नवरा गोविंद आणि कडेला म्हातारी सासू. पांढऱ्या भाताचे भांडे झाकून फळीवर परत गेले होते. चुलीपुढे मोठा टोप होता, आणि त्यातून तो वखारीतला वास सगळ्या खोलीभर पसरला होता. तिघांच्या ताटांत पिवळसर, टपोरा भात. सासूच्या वाटीत त्याचीच पेज.

सुंदराबाईने आम्हाला पाहिले आणि झटकन टोपापुढे आडवी झाली. "अगो बाय माझे! पावण्यांनी बघल्यानी!"

मी म्हटले, "सुंदराबाई, मघाशी तुम्ही कोंबड्या म्हणालात!"

"मग काय सांगू?" ती जवळजवळ रडकुंडीला आली. "पावण्यांका कोण उकडो वाढता? पावण्यांका सुरय (पांढरा, न उकडलेला तांदूळ). तो मी डब्यात जपून ठेवलंय. उकडो आमचो, रोजचो. तुमी इचारल्यात, आता पावण्यांसमोर कसा सांगू, की आमी ह्योच खातव?"

आता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मागणारे लोक लालबागमध्ये होते, पण पाहुणी आली की तेच लोक आपले मागणे टोपाच्या झाकणाखाली लपवत होते, आणि तेही तिच्या मानासाठी.

मी डॉव म्यांना हे सांगायला वळले, तर त्या बाजूला नव्हत्याच. छत्री-बित्री विसरून त्या टोपाशी जाऊन बसल्या होत्या. चमचाभर दाणे त्यांनी तळहातावर घेतले, बोटांनी दाबले, हुंगले. स्वतःच्या गिरणीचा दाणा त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. मग त्यांनी सुंदराबाईपुढे हात केला. मला वाढ.

"नको गो!" सुंदराबाई माझ्याकडे पाहू लागली. पण हात काही मागे जाईना, तेव्हा तिने ताट घेतले. डॉव म्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपला तांदूळ तोंडात घातला. चावला, पुन्हा चावला, गिळला.

"कसा आहे?" मी विचारले.

"जाड," त्या ब्रह्मी भाषेत म्हणाल्या. "आणि वास येतो. हे लोक याला चांगला का म्हणतात, ते विचार."

गोविंदला विचारले. तो गिरणीत साच्यावर (मागावर) होता. म्हणाला, "सुरय खाऊन साच्यार उभो रवलंय, तर सुट्टीच्या भोंग्याआधीच पोटात कावळे ओरडाक लागतत. ह्यो खाल्लो की दम धरता. आणि ह्या वासाशिवाय आमका जेवल्यासारख्या वाटना नाय. गाववालो वास आसा ह्यो."

त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला. मी निरखून पाहिले. "तुम्ही आज मोर्चात होता ना? सडका तांदूळ परत पाठवा!"

गोविंदने हातातला घास ताटात ठेवला. "मोर्च्यात पुढचो जा म्हणता ता मागच्यांनी म्हणूचा, बाई. मी खंय तांदूळ बघून ओरडलंय? गिरगावचे लोक म्हणाले सडको, मी म्हटलंय सडको."

"आणि घराक येऊन दोनदा मागून खाल्ल्यान," सासू पेजेच्या वाटीतून म्हणाली.

डॉव म्यांना मी हे सांगितले आणि त्या इतक्या हसल्या, की डोळे पुसावे लागले. मग मी सुंदराबाईला सगळी हकिकत सांगितली. ही बाई कोण, वखारीत काय पडून आहे, उद्या काय व्हायचे आहे आणि साहेब काय म्हणाले ते. स्वतः मागितला तर गोष्ट निराळी.

सुंदराबाईने पदर खोचला. "एवढाच ना? मागूक काय, मागतंय. उद्या किती वाजता?"

"अगो, पण मी आजच परत पाठवा म्हणून—" गोविंदने तोंड उघडले.

"तू थंय ओरड. मी हंय मागतंय."

मुंबईत त्या दिवसांत मोर्चे पुष्कळ निघाले. दुसऱ्या दिवशी कॉटन ग्रीनला निघालेल्या मोर्चाची नोंद मात्र कुठे झाली असेल, असे वाटत नाही. सुंदराबाई पुढे, मागे तिच्या चाळीतल्या आणि शेजारच्या चाळीतल्या बायका, प्रत्येकीच्या हातात रिकामी पिशवी. आणि आश्चर्य म्हणजे गिरगावहून शांतावहिनीही आपल्या शेजारणींना घेऊन आली होती. "आम्हाला पांढरा हवाय," ती म्हणाली. "ह्यांचं ह्यांना जाऊ दे, आमचं आम्हाला येऊ दे."

साहेबांनी खिडकीतून पिशव्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा पडला. खाली येऊन त्यांनी हात जोडले. "बायांनो, कशाविरुद्ध आलात, ते तरी सांगा."

"विरुद्ध नाय, साहेब," सुंदराबाई म्हणाली. "आमका उकडो होयो."

साहेबांना वाटले, आपण नीट ऐकले नाही. तिने पुन्हा सांगितले. मग बायका पोत्यांपाशी गेल्या. कुणी मूठ भरून हुंगली, कुणी दाणा चावला. एक म्हातारी म्हणाली, "गावाक आमच्या आवयच्या घरात ह्योच वास येय." आणि ती तिथेच पोत्याला टेकून बसली. साहेब कधी तिच्याकडे पाहत, कधी डॉव म्यांकडे. दादरच्या त्या सभ्य माणसाला एकदम इतका हुरूप आला, की त्यांनी सगळ्यांना चहा मागवला.

निकालाच्या कागदावरून 'खाण्यास अयोग्य' हे शब्द गेले. माल परळ-लालबागच्या दुकानांकडे वळवायचे ठरले आणि पांढरा गिरगाव-दादरकडे. दोन सरकारांचे भांडण त्याने मिटले, असे मी म्हणणार नाही. भावावरून पत्रापत्री पुढेही चालूच राहिली, असे अण्णा सांगतो. पण पेगूच्या गिरणीवर शिक्का बसला नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी सुंदराबाईने डॉव म्यांना पुन्हा जेवायला बोलावले. त्या जेवणाचे मी इथे वर्णन करत नाही. दुसऱ्या दिवशी बोरीबंदरला कलकत्त्याच्या गाडीत त्या बसल्या आणि मी कराडची वाट धरली. आठवण म्हणून ती कागदी छत्री त्यांनी माझ्या हाती ठेवली.

मुंबई कोणाची यावरून तेव्हा रान पेटले होते. मी कराडची, माझे मत काय असणार हे वाचकांना ठाऊक आहे, आणि ते बदललेले नाही. पण परतीच्या वाटेवर माझ्या मनात त्या वखारीचाच विचार घोळत होता. एका देशाने दुसऱ्याला फसवले नव्हते, कोणी कोणाचे वाईट चिंतले नव्हते. एकाने मोर्चाला भिऊन, दुसरीने पाहुणीचा मान राखून, नेमके खाणाऱ्याचे ताट झाकून ठेवले होते. अशी किती भांडणे नुसत्या झाकलेल्या टोपामुळे चालत असतील, कोण जाणे.

घरी पोहोचले. आईने छत्री हातात घेतली, उघडली, मिटली. मग ब्रह्मी भाषेत म्हणाली, "थमिन सा पीबी ला?"

जेवता जेवता मी तिला सगळे सांगितले; ते शेवटचे जेवणही. त्या दिवशी सुंदराबाईने पांढरा तांदूळ काढला नव्हता. टोप सरळ पुढ्यात ठेवून तिने डॉव म्यांना उकडा वाढला होता आणि मला म्हणाली होती, "तिका सांग, आता ती पावणी नाय. घरची झाली." डॉव म्यांनी ताटातला शीत न् शीत खाल्ला आणि पुन्हा ताट पुढे केले.

"म्हणजे शेवटी आवडला तिला," आई म्हणाली.

"मीही तेच विचारलं, जिना उतरताना. म्हणाली, छे गं, मुळीच नाही."

"मग पुन्हा कशाला घेतला?"

"म्हणाली, कुणाच्या घरचं होता येतं, ते काय रोज रोज?"

आईने माझ्याकडे पाहिले नाही. उठून तिने छत्री दाराजवळच्या खुंटीला लावली, जिथे तिची स्वतःची असते.